शून्य स्पिनच्या केंद्रकाला ‘आकार’ आहे, हे प्रयोगातून नेमके कसे ठरवतात?

अर्धवट_वाचक यांचा प्रश्न :

माझे शिक्षण भौतिकशास्त्राच्या पदवीपर्यंत झाले आहे आणि आता या विषयाशी संबंध उरला आहे तो वाचनापुरताच. न्यूट्रॉनांचा अतिरेक किंवा तुटवडा असलेल्या अल्पजीवी केंद्रकांविषयी वाचताना अमुक केंद्रक रग्बीच्या चेंडूसारखे लांबट आहे, तमुक चपटे आहे, रेडियम-२२४ तर नासपतीसारखे आहे, अशी विधाने वारंवार समोर येतात आणि ती इतक्या सहजपणे केलेली असतात की जणू कोणी ते केंद्रक हातात घेऊन पाहिले आहे.

काही फेम्टोमीटर रुंदीची वस्तू थेट पाहता येणार नाही, पुरावा आडमार्गानेच मिळणार, हे मला मान्य आहे. माझी खरी अडचण वेगळी आहे. ज्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असतात त्याच्या मूळ अवस्थेचा स्पिन (म्हणजे एकूण कोनीय संवेग) शून्य असतो, आणि शून्य स्पिनची अवस्था सर्व दिशांनी सारखीच दिसते, तिचा क्वाड्रुपोल मोमेंट (विद्युतभाराची वाटणी गोलापासून किती ढळली आहे याचे माप) शून्य येतो, असे पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. मग लांबी, चपटेपणा हे गुण केंद्रकात आहेत की आपण त्यावर बसवलेल्या प्रतिमानात? कृपया यंत्रांची नावे सांगण्यावर थांबू नये. प्रयोगात कोणता आकडा हाती येतो आणि त्यावरून आकारापर्यंत कसे पोहोचतात, ते समजावून सांगावे.

गॅमा_मोजणारा यांचे उत्तर :

आपली अडचण खरी आहे. ती टाळून पुढे जाणारे लेख वाचकावर अन्याय करतात, म्हणून आधी तीच घेतो.

शून्य स्पिनच्या अवस्थेत लांबट केंद्रकाचा अक्ष कोणत्याही एका दिशेला रोखलेला नसतो. सर्व दिशा सारख्याच प्रमाणात त्या अवस्थेत मिसळलेल्या असतात. त्यामुळे प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या निरीक्षकाला सरासरी गोलच मिळते. परंतु अक्ष कोठे रोखला आहे हे ठाऊक नसणे वेगळे आणि अक्षच नसणे वेगळे. हा फरक एकट्या मूळ अवस्थेकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही, तो तिच्या शेजारच्या अवस्थांशी असलेल्या नात्यात दिसतो. पूर्ण गोल वस्तू फिरली काय आणि न फिरली काय, पुंजयामिकीला दोन्ही एकच. म्हणून गोल केंद्रकाला फिरण्याच्या अवस्थाच नसतात. लांबट केंद्रकाला त्या असतात, आणि त्यांची ऊर्जा स्पिन गुणिले (स्पिन अधिक १) या प्रमाणात वाढत जाते. स्पिन २ साठी ६ आणि स्पिन ४ साठी २०, म्हणजे दोन्ही ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ यायला हवे. युरेनियम-२३८ मध्ये या दोन अवस्था सुमारे ४५ आणि १४८ केईव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) सापडतात, गुणोत्तर ३.३०. याउलट शिसे-२०८ मध्ये, जेथे प्रोटॉन ८२ आणि न्यूट्रॉन १२६ अशा दोन्ही जादुई संख्या (ज्यांना कवच पूर्ण भरून केंद्रक विशेष स्थिर होते अशा संख्या) जुळून येतात, पहिली उत्तेजित अवस्थाच २६०० केईव्हीच्या वर आहे आणि फिरण्याची शिडी मुळी दिसतच नाही.

अर्थात शिडी दिसली म्हणजे किती लांबट हे कळले असे नाही. त्यासाठी शून्य स्पिनवरून स्पिन २ वर उडी घेण्याची शक्यता मोजावी लागते, कारण ती केंद्रकातील विद्युतभार किती ताणलेला आहे यावर थेट अवलंबून असते. ती मोजण्याची रूढ रीत म्हणजे कूलोम उत्तेजन. केंद्रकांचा झोत एखाद्या जड धातूच्या पातळ पत्र्यावर सोडायचा, दोन केंद्रके एकमेकांना न शिवता जवळून जातील असे पाहायचे, आणि जाता जाता विद्युतक्षेत्राचा धक्का बसून किती केंद्रके उत्तेजित झाली ते त्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून मोजायचे. न शिवण्याची अट महत्त्वाची आहे, कारण दोन पृष्ठभागांत सुमारे ५ फेम्टोमीटरचे अंतर राखले तर केंद्रकीय बल मध्ये येत नाही आणि उरलेला हिशेब शुद्ध विद्युतचुंबकीय, म्हणजे खात्रीचा असतो. झोत जलद असेल तर अगदी लहान कोनातून वळलेलीच केंद्रके निवडून जवळपास तोच हेतू साधला जातो.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन आहेत. २० ही जादुई संख्या असल्याने हे केंद्रक गोल असावे अशी अपेक्षा होती. न्यूट्रॉनांची संख्या तीच असलेल्या सिलिकॉन-३४ मध्ये स्पिन २ ची अवस्था ३३०० केईव्हीच्या पुढे आहे, आणि तेथून केवळ दोन प्रोटॉन काढले की मॅग्नेशियम-३२ मध्ये ती एकदम ८८५ केईव्हीवर कोसळते. (शेजारच्या सोडियम समस्थानिकांची वस्तुमाने १९७५ साली सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत मोजली गेली तेव्हाच येथे काहीतरी बिनसले असल्याची चाहूल लागली होती.) या केंद्रकाचे अर्धायुष्य सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने त्याचा पत्रा बनवणे अशक्य, म्हणून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील रिकेन येथील प्रयोगात भूमिका उलटवल्या गेल्या. मॅग्नेशियम-३२ हाच झोत झाला आणि शिसे हे लक्ष्य. झोताचा वेग प्रकाशाच्या जवळपास तीन दशांश होता. अशा वेगात उत्सर्जित झालेला ८८५ केईव्हीचा किरण झोताच्या दिशेशी ३० अंशांवर ठेवलेल्या डिटेक्टरला सुमारे ११४० केईव्हीचा वाटतो आणि मागे १५० अंशांवर सुमारे ६७० चा. कच्च्या आलेखात त्यामुळे एक रुंद, ओळख न पटणारा उंचवटा असतो. प्रत्येक डिटेक्टरच्या कोनानुसार डॉप्लर दुरुस्ती केल्यावरच तो आकसून ८८५ वर येतो.

त्या प्रयोगातून उडीची शक्यता ४५४ आली. एकक : विद्युतभाराचा वर्ग गुणिले फेम्टोमीटरचा चौथा घात. आता हिशेब. त्रिज्या १.२ × ३२ चे घनमूळ = ३.८१ फेम्टोमीटर, तिचा वर्ग १४.५. विकृती मोजणाऱ्या अंकाला बीटा म्हणतात, आणि ४५४ चे वर्गमूळ हे ०.२३९ × १२ प्रोटॉन × १४.५ × बीटा याएवढे असते. वर्गमूळ २१.३, भाजक ४१.५, बीटा ०.५१. गोलासाठी तो शून्य असता. म्हणजे ‘जादुई’ म्हटलेले हे केंद्रक चांगलेच विकृत आहे.

वर्णपट यांचे उत्तर :

वरील उत्तरात केंद्रकाला धक्का देऊन माहिती काढली आहे. धक्का न देताही काढता येते, कारण केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन सतत त्याची दखल घेत असतात. केंद्रकाच्या आत शिरकाव असलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा केंद्रकातील भार किती पसरला आहे यानुसार अत्यल्प बदलते, म्हणून एकाच मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांची वर्णरेषा तंतोतंत एका जागी पडत नाही. या सरकण्यावरून त्रिज्येच्या वर्गाच्या सरासरीतील फरक मिळतो. आकारमान तेच ठेवून गोल ताणला तर ही सरासरी वाढते, बीटा ०.३ असेल तर सुमारे साडेतीन टक्क्यांनी. ऐकायला थोडे वाटते, पण लेसरच्या अचूकतेपुढे ते पुष्कळ आहे.

या पद्धतीचे सर्वांत देखणे फळ पाऱ्याचे आहे. १९७२ साली सर्नच्या आयसोल्डे या अल्पजीवी केंद्रके तयार करणाऱ्या केंद्रातील मापनात, न्यूट्रॉन कमी करत गेले की पाऱ्याचे केंद्रक क्रमाने आकसत असताना १८५ पाशी त्रिज्येने अचानक उडी घेतलेली दिसली. पुढे चित्र पूर्ण झाले ते असे : सम वस्तुमानाचे समस्थानिक शिस्तीत आकसत जातात, आणि १८१, १८३, १८५ हे तीन विषम समस्थानिक मात्र त्या रेषेच्या बरेच वर जाऊन बसतात. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. एक न्यूट्रॉन काढला की केंद्रक ताणलेले, आणखी एक काढला की पुन्हा जवळपास गोल! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांनी ही मालिका पारा-१७७ पर्यंत नेली आणि हे दात त्या तीन समस्थानिकांपुरतेच आहेत हे पक्के केले. अशा मापनांत वेगवेगळ्या रंगांचे लेसर पायरीपायरीने अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. पहिल्या लेसरची वारंवारता नेमकी जुळली तरच अणू आयन बनतो. प्रकाश मोजायच्या ऐवजी आयन किंवा त्यांच्या क्षयातून निघणारे अल्फा कण मोजले की अत्यंत थोड्या अणूंवरही काम भागते.

पारा-१८५ मध्ये आणखी एक गंमत आहे. त्याच्या मूळ अवस्थेचा स्पिन १/२ असून ती ताणलेली आहे, परंतु त्याच केंद्रकाची १३/२ स्पिनची दीर्घायुषी उत्तेजित अवस्था लहान त्रिज्येची, म्हणजे सम शेजाऱ्यांसारखी आहे. कणांची संख्या तीच, आकार दोन.

अर्धवट_वाचक :

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. अक्ष ठाऊक नसणे आणि अक्ष नसणे यांतील भेद माझ्या लक्षात आजवर आला नव्हता. तथापि एक शंका उरतेच. उडीच्या शक्यतेत बीटाचा वर्ग येतो. त्रिज्येच्या सरासरीतही वर्गच येतो असे दिसते. वर्गात चिन्ह नाहीसे होते. मग केंद्रक लांबट आहे की चपटे, हे कशावरून म्हणतात?

गॅमा_मोजणारा :

अगदी बरोबर पकडलेत. मॅग्नेशियमच्या ज्या मापनाचा हिशेब मी दिला त्यातून चिन्ह कळत नाही.

मूळ अवस्थेचा स्पिन १ किंवा त्याहून अधिक असेल तर वर्णरेषेच्या अतिसूक्ष्म विभाजनातून क्वाड्रुपोल मोमेंट चिन्हासह मिळतो. वर्णपट यांच्या पारा-१८५ च्या मूळ अवस्थेला, स्पिन १/२ असल्यामुळे, ही सोय नाही. शून्य स्पिनच्या केंद्रकांसाठी कूलोम उत्तेजनाच्या आतच एक बारीक परिणाम दडलेला असतो. टक्कर चालू असतानाच केंद्रक स्पिन २ च्या अवस्थेत पोहोचते, आणि त्या अवस्थेचा स्वतःचा क्वाड्रुपोल मोमेंट शून्य नसतो. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्रकाचे क्षेत्र त्यावर पुन्हा परिणाम करते, त्यामुळे उत्तेजनाची शक्यता किंचित वाढते किंवा घटते. हा परिणाम वर्गात नसून पहिल्या घातात येतो. समोरासमोर येऊन मागे फेकल्या गेलेल्या केंद्रकांत तो अधिक आणि थोड्या कोनातून वळलेल्यांत नगण्य असल्यामुळे, वेगवेगळ्या कोनांतील गॅमा किरणांची संख्या ताडून पाहिली की चिन्ह उघड होते.

येथे नवख्याला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. लांबट केंद्रकासाठी स्पिन २ च्या अवस्थेचा मोजलेला मोमेंट ऋण येतो, आणि त्याचे मूल्य केंद्रकाच्या आतील मोमेंटाच्या दोन सप्तमांश असते. लांबट वस्तूला ऋण चिन्ह कसे? काठी मध्यावर धरून गरगर फिरवली की दुरून चकती दिसते. लांबट केंद्रकही आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या अक्षाभोवती फिरते, आणि प्रयोगशाळेतून त्याची सरासरी चपटी भासते. चपट्या केंद्रकाचे चिन्ह याच कारणाने धन येते. फ्रान्समधील गानील येथे किरणोत्सारी क्रिप्टॉन-७४ आणि क्रिप्टॉन-७६ यांचे झोत शिशावर सोडून केलेल्या मापनांत (२००७) अशीच चिन्हे वाचली गेली : मूळ अवस्थेवर उभी असलेली शिडी लांबट, आणि थोड्या वरच्या ऊर्जेची दुसरी रचना चपटी.

आपण रेडियमचा उल्लेख केला होता, म्हणून तेही सांगून टाकतो. नासपतीचा आकार म्हणजे एक टोक जाड आणि दुसरे निमुळते. ते मोजायला शून्य स्पिनवरून स्पिन ३ वर जाणारी, ज्यात अवस्थेची समता (आरशातल्याप्रमाणे उलटवल्यावर चिन्ह बदलते की नाही हा गुण) बदलते अशी उडी लागते. खाली उतरताना हा मार्ग इतर सोप्या मार्गांपुढे इतका दुर्बळ ठरतो की तो गॅमा किरण जवळजवळ कधीच सापडत नाही; म्हणून वर चढतानाच तो मोजावा लागतो, आणि कूलोम उत्तेजनाला पर्याय उरत नाही. आयसोल्डे येथे १.४ जीईव्हीचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडवर आदळून रेडियम-२२४ आणि रेडॉन-२२० तयार केले गेले, त्यांना प्रति न्यूक्लिऑन सुमारे २.८ एमईव्हीपर्यंत वेग देऊन निकेल, कॅडमियम आणि कथिल यांच्या पत्र्यांवर सोडले गेले, आणि मिनीबॉल नावाच्या जर्मेनियम डिटेक्टरांच्या संचाने गॅमा किरण टिपले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की रेडियम-२२४ ची नासपती स्थिर आहे, तर रेडॉन-२२० हे तिच्या आणि तिच्या उलट्या रूपाच्या मध्ये डोलत राहते. स्थिर नासपती असलेल्या विषम समस्थानिकांत, उदाहरणार्थ रेडियम-२२५ मध्ये, अणूचा विद्युत द्विध्रुव मोमेंट असलाच तर तो अनेक पटींनी वाढून दिसावा, म्हणून मूलकणांच्या अभ्यासकांनाही या आकारात रस आहे.

संशयात्मा यांचे उत्तर :

वरील सर्व माहिती योग्य आहे, परंतु प्रश्नकर्त्याने विचारलेले ‘केंद्रकात की प्रतिमानात’ हे अजून पुरते सुटलेले नाही, असे मला वाटते.

मॅग्नेशियम-३२ चेच घेऊ. बीटा ०.५१ ऐकल्यावर डोळ्यांसमोर एक ताठ, लांबट वस्तू उभी राहते. पण त्याची स्पिन ४ ची अवस्था २३२२ केईव्हीवर आहे. २३२२ भागिले ८८५ म्हणजे २.६२. हे ३.३३ नाही, आणि गोलाभोवती थरथरणाऱ्या केंद्रकासाठी अपेक्षित २ ही नाही. शिवाय बीटा काढताना जी सरासरी घेतली जाते तीत स्थिर ताण आणि थरथर दोन्ही येतात. दोन्हींचा वर्ग धनच असतो. २०१० साली आयसोल्डे येथे मॅग्नेशियम-३० चा झोत ट्रिशियम भरलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यावर सोडून त्यात दोन न्यूट्रॉन घालण्यात आले, तेव्हा मॅग्नेशियम-३२ मध्ये १०५८ केईव्हीवर शून्य स्पिनची आणखी एक अवस्था सापडली. तिचा अर्थ, जी गोल रचना मूळ अवस्था असायला हवी होती ती वर ढकलली गेली आहे, असा लावला जातो. अशा वेळी ‘या केंद्रकाचा आकार’ हे एकवचन मला खटकते. केंद्रकाच्या प्रत्येक अवस्थेचा आकार म्हणावे.

४५४ हा आकडाही पवित्र मानू नये. स्पिन २ ची अवस्था थेट धक्क्याने जशी भरते तशी वरच्या अवस्था तीत ओसरल्यानेही भरते, आणि हा दुसरा वाटा किती वजा करायचा यावर नंतरच्या प्रयोगांत बराच काथ्याकूट झाला. वर्गमूळ मात्र येथे दयाळू आहे : ४५४ ऐवजी ३३० घेतले तरी बीटा ०.४४ येतो, म्हणजे गोल नव्हे हा निष्कर्ष हलत नाही.

एकवचनाचा फोलपणा सर्वांत ठळक दिसतो तो शिसे-१८६ मध्ये. जर्मनीतील जीएसआय येथे पोलोनियम-१९० च्या अल्फा क्षयाचा अभ्यास करून २००० साली असे दाखवले गेले की त्या क्षयातून उरणाऱ्या शिसे-१८६ च्या सर्वांत खालच्या तिन्ही अवस्था शून्य स्पिनच्या आहेत : मूळ अवस्था, ५३२ केईव्ही आणि ६५० केईव्ही. एक गोल, एक चपटी, एक लांबट, असा त्यांचा अर्थ लावला जातो. शून्यावरून शून्य स्पिनवर येताना एकटा गॅमा किरण निघूच शकत नाही. ती ऊर्जा अणूतीलच एखाद्या इलेक्ट्रॉनाला देऊन त्याला बाहेर फेकले जाते. म्हणून तेथे अल्फा कण आणि इलेक्ट्रॉन यांची एकाच वेळी नोंद घ्यावी लागली. मात्र ‘एक चपटी, एक लांबट’ ही नावे अवस्थांच्या ऊर्जा सिद्धांताशी ताडून दिलेली आहेत, हे विसरू नये.

अगदी वेगळ्या वाटेने आलेला एक पुरावा मला अधिक थेट वाटतो. अमेरिकेतील आरएचआयसी या त्वरकात युरेनियमची केंद्रके प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळवली गेली. टक्कर इतकी क्षणिक असते की तेवढ्यात केंद्रकाला वळायला सवडच मिळत नाही. त्या क्षणी अक्ष जेथे असेल तेथेच तो पकडला जातो. टोकावर टोक आदळले तर आघाताचा भाग लहान आणि गोल असतो, बाहेर पडणाऱ्या कणांचा सरासरी संवेग अधिक आणि त्यांच्या प्रवाहात लंबगोलपणा कमी असतो. कुशीवर कूस आदळली तर दोन्ही उलट. सोन्याच्या जवळपास गोल केंद्रकांच्या टकरींशी तुलना करून स्टार या गटाने २०२४ साली युरेनियमचा लांबटपणा आणि आडव्या छेदातील किंचित असमानता अशी दोन्ही मूल्ये काढली. दुर्दैवाने ही रीत टिकाऊ केंद्रकांपुरतीच आहे; मिलिसेकंद जगणाऱ्यांचे असे झोत तेथे नव्हते.

अर्धवट_वाचक :

मी युरेनियम-२३८ साठी तोच हिशेब स्वतः करून पाहिला आणि अडकलो. उडीची शक्यता १२.१ दिलेली आहे, एकक विद्युतभाराचा वर्ग गुणिले बार्नचा वर्ग. एक बार्न म्हणजे १०० चौरस फेम्टोमीटर, म्हणून १२१० घेतले, वर्गमूळ ३४.८. भाजक ०.२३९ × ९२ × ५५.३ = सुमारे १२१५. बीटा ०.०२९ आला. ज्याची शिडी इतकी सुबक आहे ते केंद्रक जवळजवळ गोल कसे?

गॅमा_मोजणारा :

बार्नचा वर्ग आहे, म्हणून १०० ने नव्हे, १०,००० ने गुणावे लागेल. १२.१ चे १,२१,००० होतील, वर्गमूळ ३४८, आणि बीटा ०.२९. ही चूक मीही केली आहे, आणि तीही एका छापायला निघालेल्या तक्त्यात.

उत्तर बरोबर आल्यावर मात्र एक गोष्ट पाहावी. मॅग्नेशियम-३२ चा बीटा युरेनियमच्या बीटाहून मोठा आहे, तरी ३.३३ च्या जवळ पोहोचते ते युरेनियमच. संशयात्मा यांचा मुद्दा आपल्या या दोन हिशेबांतच आलेला आहे : बीटा ताण किती ते सांगतो, तो ताण स्थिर आहे की नाही ते सांगत नाही. शक्य झाल्यास हाच हिशेब रेडियम-२२४ साठीही करून पाहावा; त्याची स्पिन २ ची अवस्था ८४ केईव्हीवर आणि स्पिन ४ ची २५१ केईव्हीच्या आसपास आहे.

अर्धवट_वाचक :

गुणोत्तर २.९७ आले. म्हणजे मॅग्नेशियम-३२ आणि युरेनियम-२३८ यांच्या मधले. बीटाचा हिशेब एकके नीट तपासून मग येथे लिहितो.